रविवारची मंडळी, जुम्म्याची जमात: बारामती-इंदापूरच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांनी श्रद्धेसाठी काय पणाला लावलं?

नाताळला शेजारच्या घरातून केक आणि करंज्यांचं ताट येतं. ईदला आपण शीरखुर्म्याचा डबा पाठवतो. बारामती, इंदापूर, भिगवण, दौंड या पट्ट्यातल्या अनेक मुस्लिम घरांची ख्रिस्ती घरांशी ओळख एवढीच असते. मधल्या काळात ही माणसं रविवारी सकाळी कुठे जातात, तिथे काय करतात, त्यांच्या आजोबा-पणजोबांनी हा धर्म का आणि कोणत्या किमतीला स्वीकारला, हे आपल्याला ठाऊक नसतं. मग मोबाईलवर एखादा व्हिडिओ येतो, ‘प्रार्थनेच्या नावाखाली धर्मांतर’ असं वर लिहिलेलं असतं आणि आपणही तो पुढे ढकलून मोकळे होतो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख आहे, म्हणजे एक टक्क्यापेक्षाही किंचित कमी. वसई किंवा मुंबईचा ख्रिस्ती समाज सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. पण नीरा डाव्या कालव्याच्या काठी, उसाच्या रानात आणि तालुक्याच्या बाजारपेठेत राहणारा मराठी ख्रिस्ती माणूस सहसा बातमीत येत नाही. तो आपल्यासारखीच मराठी बोलतो, भाकरीच खातो आणि त्याच एसटीने प्रवास करतो. जुन्या मराठी ख्रिस्ती घरांत तर एकमेकांना भेटल्यावर ‘सलाम’ म्हणायची पद्धत आहे. मंडळीच्या पत्रांची सुरुवातही ‘सप्रेम सलाम’ अशीच होते.

म्हणून या लेखात दोन गोष्टी समजून घेऊ. चर्चचं सामुदायिक जीवन कसं चालतं आणि श्रद्धेसाठी ‘जोखीम घेणं’ म्हणजे या भागात नेमकं काय होतं.

मंडळी म्हणजे इमारत नव्हे

आपण ‘चर्च’ म्हटलं की क्रॉस लावलेली इमारत डोळ्यांसमोर येते. मराठी ख्रिस्ती माणूस मात्र ‘मंडळी’ हा शब्द वापरतो. मंडळी म्हणजे माणसं. आपल्याकडे मशीद वेगळी आणि जमात वेगळी, तसंच हे. इमारत नसली, एखाद्याच्या ओसरीत चटई टाकून दहा माणसं बसली, तरी ती मंडळीच.

मंडळीचा प्रमुख म्हणजे पाळक, ज्यांना लोक पास्टर किंवा पाळकसाहेब म्हणतात. त्यांच्या जोडीला ‘वडील’ असतात. हे वयाने म्हातारे असतीलच असं नाही, ती जबाबदारीची जागा आहे. आपल्याकडच्या मशिदीच्या ट्रस्टींसारखी काही कामं ते करतात. हिशेब बघणं, भांडण मिटवणं, आजाऱ्याला भेटणं, लग्न ठरताना घरच्यांशी बोलणं. महिला मंडळ वेगळं भरतं, तरुण संघ वेगळा आणि मुलांसाठी संडे स्कूल. आपला मकतब जसा मुलांना लहानपणीच दीनची ओळख करून देतो, तसंच संडे स्कूलचं काम.

रविवारच्या उपासनेत गीतं, बायबल-वाचन, प्रार्थना आणि उपदेश असतो. दान गोळा केलं जातं. अनेक घरं उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणजे दशमांश, बाजूला काढतात. खेड्यातल्या मंडळ्यांत हंगामाचा सण होतो. लोक ज्वारी, भाजी, अंडी, कोंबडा असं काहीबाही घेऊन येतात, तिथेच लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामाला लागतो. आठवड्यात कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. कुणाची नोकरी गेली, कुणाच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलं, कुणाचा मुलगा दारूला लागला, हे सगळं तिथे उघड बोललं जातं आणि सगळे मिळून दुआ मागतात.

अकीद्यातला फरक झाकायचं कारण नाही. आपण हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना अल्लाहचे पैगंबर मानतो, बीबी मरियम यांच्या नावाची आख्खी सूरह कुरआनात आहे. ख्रिस्ती लोक येशूला देवाचा पुत्र मानतात, आपण मानत नाही. ते क्रूसावरच्या मृत्यूवर आपली सगळी श्रद्धा ठेवतात, आपण तेही मानत नाही. शेजाऱ्याला ओळखण्यासाठी हे मतभेद मिटवावे लागत नाहीत.

एक भाकर, एक प्याला

बारामतीत प्रोटेस्टंट मंडळीचं काम उभं राहिलं ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या पंथाचं मिशन इथे आलं आणि पुढे श्रीगोंदा, दौंड, डिकसळ, इंदापूर अशा ठिकाणी पोचलं. दौंडला त्यांनी दवाखाना चालवला. हा सगळा मुलूख आधीपासूनच अनेक वाटांचा. श्रीगोंद्याला शेख महंमदांची परंपरा, इंदापुरात चांदशाहवली बाबांचा दर्गा आणि त्याच इंदापुरातून जाणारी तुकोबांची पालखी. त्यात ही आणखी एक वाट आली.

या पंथाच्या दोन रीती समजून घेतल्या, तर त्या काळची जोखीम समजते.

पहिली रीत बाप्तिस्म्याची. काही ख्रिस्ती पंथांत तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देतात. या पंथात तसं चालत नाही. जाणत्या वयाच्या माणसानं स्वतः ठरवायचं, सर्वांसमोर श्रद्धेचा कबुलीजबाब द्यायचा आणि पूर्ण पाण्यात बुडून वर यायचं. म्हणजे गुपचूप ख्रिस्ती होण्याची सोय नाही.

दुसरी रीत प्रभुभोजनाची. येशूनं शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सगळे घेतात. अनेक चर्चमध्ये हे महिन्यातून एकदा होतं, या पंथात दर रविवारी. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. आपण एका ताटात जेवणारी माणसं आहोत. पण शंभर वर्षांपूर्वीचा तालुका आठवा. महारवाडा आणि मांगवाडा गावाबाहेर. सार्वजनिक तळ्याचं पाणी प्यायचा हक्क बजावण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, असा तो काळ. अशा गावात एका भाकरीचे तुकडे वाटून खाणं म्हणजे गावगाड्याच्या नियमालाच हात घालणं होतं.

दख्खनच्या खेड्यांत ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक महार आणि मांग समाजातले होते. त्यांच्यासाठी जोखीम सिंहाच्या पिंजऱ्यातली नव्हती, रोजच्या भाकरीची होती. देवीच्या जत्रेत वाजवायला जायचं नाही, मेलेलं जनावर ओढायचं नाही असं ठरवलं, की बलुतं अडायचं. भावकीत लग्न जमायचं नाही. मयताला खांदा द्यायला चार माणसं मिळतील की नाही, याची खात्री नसायची. जे जातीनं आणि गावानं काढून घेतलं, ते परत देण्याची जबाबदारी मग मंडळीवर यायची. मुलांची शाळा, आजारपणातला आधार, सोयरीक, मयतीची माती. मंडळी एवढी घट्ट का असते, याचं उत्तर इथे आहे. ज्यांनी मागचं दार बंद केलं होतं, त्यांना पुढचं घर स्वतःच बांधावं लागलं.

एक अडचणीचा प्रश्न

ही गोष्ट एकतर्फी सांगायला नको. मिशन आलं ते इंग्रजांच्या राज्यात, आणि राज्यकर्त्यांचा धर्म तोच होता. बारामतीत ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याखालची एक वसाहत होती. या कायद्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. वसाहतीतल्या माणसाला हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय बाहेर जाता येत नसे. मुंबई इलाख्यात अशा अनेक वसाहतींचा कारभार सरकारने मिशनांकडे दिला होता. बारामतीची वसाहतही मिशनच्या देखरेखीखाली होती. तिथे शाळा आली, हाताला काम आलं, आणि त्याचा फायदा झालेली कुटुंबंही आहेत.

पण ज्याला वस्तीबाहेर पाऊल टाकायला परवाना लागतो, त्यानं ऐकलेला उपदेश किती मोकळ्या मनानं ऐकला असेल? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सूरह बकरातल्या २५६ व्या आयतीचा आपण नेहमी दाखला देतो. दीनच्या बाबतीत बळजबरीला तिथे जागा नाही. हाच निकष सर्वांना लावायला हवा. सत्तेच्या सावलीत घेतलेला बाप्तिस्मा आणि सगळ्या गावाचा रोष पत्करून घेतलेला बाप्तिस्मा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट घडली होती म्हणून पहिली विसरू नये, आणि पहिली घडली म्हणून दुसरीवर चिखल उडवू नये. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, इंग्रज त्याआधीच गेले. तरीही मंडळ्या टिकून राहिल्या. निव्वळ लोभानं किंवा भीतीनं आलेला माणूस लोभ आणि भीती गेल्यावर एवढी वर्षं थांबत नाही.

शेजारचं केडगाव आणि रमाबाई

बारामतीच्या शेजारच्याच दौंड तालुक्यात, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. जोखीम म्हणजे काय, हे रमाबाईंच्या आयुष्याइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

१८५८ साली ब्राह्मण घरात जन्मलेल्या रमाबाई संस्कृतच्या पंडिता म्हणून देशभर नावाजल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परत आल्यावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात नेलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळावर होते. रमाबाईंनी कुणावर धर्म लादला नाही, पण स्वतःच्या प्रार्थनेचं दारही बंद ठेवलं नाही. मुली कुतूहलानं तिथे येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठलं. वर्तमानपत्रांतून टीका झाली, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. सुधारकांचा पाठिंबा हीच त्यांची भारतातली मोठी पुंजी होती, ती एका वर्षात गेली.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात त्यांना ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून केडगावच्या माळावर आसरा उभा राहिला. तिथे मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. बायकांनी चालवलेल्या छापखान्यात रमाबाईंनी स्वतः केलेलं बायबलचं मराठी भाषांतर छापलं गेलं. त्या कामाला त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं दिली. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या. त्याआधी एकच वर्ष त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली होती.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रमाबाईंनी चर्चच्या अधिकाऱ्यांनाही मान तुकवली नाही. इंग्लंडमधल्या धर्मगुरूंनी आणि जोगिणींनी ‘असंच मान’ म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी पत्रांतून वाद घातला. आपल्या बुद्धीला आणि सदसद्विवेकाला पटेल तेच स्वीकारीन, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे ज्या समाजातून आल्या तो दुरावला आणि ज्या समाजात गेल्या तिथेही बऱ्याचदा त्या एकट्याच होत्या.

एका घरात दोन धर्म

जोखीम घेणारा एक असतो, किंमत मात्र सगळं घर मोजतं. कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना ही बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळलं. पतीपासून दूर, नातेवाइकांकडे, काही काळ पंढरपुरात, त्यांनी ते दिवस काढले. पुढे मुलाला घेऊन त्या टिळकांकडे आल्या, पण आपला धर्म आणि सोवळंओवळं सांभाळूनच. एकाच घरात दोन चुली आणि दोन धर्म. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः ठरवून बाप्तिस्मा घेतला.

‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथनात हे सगळं आलं आहे. मराठी वाचणाऱ्या प्रत्येक घरात ते पुस्तक असायला हवं. रागावलेली, रडणारी, हसवणारी, अडाणी म्हणवून घेणारी ही बाई वाचकाला धर्मांतराच्या वादापलीकडे घेऊन जाते. नवरा-बायकोचं श्रद्धेवरून पटत नसेल तर काय करायचं, याचं उत्तर तिनं आणि टिळकांनी पाच वर्षं सबर करून शोधलं.

टिळकांनी पुढे मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्ती श्रद्धा कोट-पाटलोण घालून नव्हे तर अभंगाच्या चालीवर मराठीत रुजावी, ही त्यांची ओढ होती. त्यांची गीतं आजही खेड्यापाड्यातल्या मंडळ्या टाळ-पेटीवर गातात.

कागदावरची किंमत

आता आजच्या काळाकडे येऊ. इथली गोष्ट आपल्याला थेट लागू आहे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानुसार सुरुवातीला फक्त हिंदू धर्म मानणाऱ्यालाच अनुसूचित जातीचा दर्जा होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध धर्म मानणाऱ्यांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम मात्र आजही बाहेर आहेत. म्हणजे एखाद्या मांग समाजातल्या माणसानं बाप्तिस्मा घेतला आणि तो कागदावर नोंदवला, तर अनुसूचित जातीचं आरक्षण जातं, ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभं राहता येत नाही आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षणही मिळत नाही. गावातली त्याची वस्ती तीच राहते, त्याच्याकडे बघायची गावाची नजर तीच राहते. बदलतो फक्त दाखला.

यामुळे कित्येक घरांत एक ओढाताण चालते. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचं? श्रद्धा खरी असली तरी शिष्यवृत्ती गेली तर शिक्षण थांबतं. जे उघड नोंद करतात ते पिढ्यांची सवलत सोडतात. जे करत नाहीत त्यांना मनात टोचणी राहते, आणि बाहेरून ‘फसवणूक’ हा आरोप होतो. आपल्याकडच्या दलित मूळच्या मुस्लिम बिरादऱ्यांचा प्रश्नही हाच. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला. या प्रश्नावर ख्रिस्ती आणि मुस्लिम एकाच रांगेत उभे आहेत, हे दोन्ही समाजांतल्या सामान्य माणसाला फारसं माहीत नाही.

वारशाचंही तसंच. धर्म बदलला म्हणून वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क जाऊ नये, असा कायदा १८५० सालीच झाला. तो ख्रिस्ती होणाऱ्याला जसा लागू, तसाच मुसलमान होणाऱ्यालाही. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ नुसार, धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही, वारसा खुला होताना ती स्वतः हिंदू नसतील तर. जोडीदारानं धर्म बदलला हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारणही ठरतं. थोडक्यात, दोन एकर जिरायत, आईवडिलांचं घर आणि संसार हे सगळं एका निर्णयात तोलावं लागतं.

घरातली प्रार्थना आणि मयताची माती

घटनेच्या कलम २५ ने प्रत्येकाला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत सगळा वाद उभा आहे. आपला अनुभव सांगितला, प्रार्थना केली, आजाऱ्यासाठी हात जोडले तर तो प्रसार की प्रलोभन? महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने सक्तीच्या धर्मांतराविरोधी कायद्याचा अभ्यास करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ‘लव्ह जिहाद’ हा शब्द त्याच चर्चेत होता. तेव्हापासून एका बाजूला ख्रिस्ती पाळक आणि दुसऱ्या बाजूला आपली लग्नाळू मुलं, दोघांकडेही एकाच संशयानं पाहिलं जातं.

मयताचा प्रश्न तर त्याहून नाजूक. ख्रिस्ती माणसाला दफन लागतं, आपल्यालाही. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडच्या बस्तर भागातल्या एका ख्रिस्ती पाळकाचा मृतदेह जवळपास तीन आठवडे शवागारात पडून होता, कारण गावात दफनाला विरोध होता. मुलानं सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, आणि शेवटी कित्येक किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत माती द्यायला सांगण्यात आलं. मय्यतीला उशीर करू नये हे ज्याला लहानपणापासून शिकवलं आहे, त्याला या तीन आठवड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

कायद्यानं काही आधारही दिले आहेत, ते माहीत असावेत. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २९८ प्रार्थनास्थळाची विटंबना, कलम ३०० शांतपणे चाललेल्या धार्मिक सभेत अडथळा आणि कलम ३०१ दफनभूमीत घुसून केलेली विटंबना यांना गुन्हा ठरवतं. धर्म कोणताही असो. तसंच महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१७ पासून लागू आहे. कुणाला वाळीत टाकलं, किराणा बंद केला, मयतीला येऊ दिलं नाही, तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

हबशाची आठवण

श्रद्धेसाठी जोखीम घेणं हा आपल्याला परका विषय नाही. मक्केत छळ वाढला तेव्हा, सन ६१५ च्या सुमारास, रसूलुल्लाह सल्लल्लाहू अलैहि वसल्लम यांनी साहाबांना हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला जायला सांगितलं. इस्लाममधली ही पहिली हिजरत. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. कुरैशांनी नजराणे घेऊन माणसं पाठवली, ‘आमची माणसं परत द्या’ म्हणून. राजानं दोन्ही बाजू ऐकल्या. हजरत जाफर बिन अबी तालिब यांनी सूरह मरियमची सुरुवात वाचून दाखवली. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं मुसलमानांना परत द्यायला नकार दिला. घरदार, कबिला, व्यापार सोडून आलेल्या आपल्या माणसांना ख्रिस्ती छत मिळालं होतं.

सूरह हजच्या ४० व्या आयतीतही मशिदीबरोबर मठ, चर्च आणि यहुद्यांची प्रार्थनास्थळं यांचा उल्लेख येतो. अल्लाहचं नाव जिथे घेतलं जातं ती जागा उद्ध्वस्त होऊ नये, हा त्या आयतीचा आशय आपल्या उलेमांनी नेहमी सांगितला आहे.

मग बारामती-इंदापुरात राहणाऱ्या मुस्लिम कुटुंबानं करायचं काय? फार मोठं काही नाही. शेजारच्या घरातल्या प्रार्थनेचा व्हिडिओ खात्री न करता पुढे पाठवू नये. उद्या आपल्या घरातल्या तरावीहचाही असाच व्हिडिओ निघू शकतो. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या मयतीला जावं, उभं राहावं. दफनभूमीचा किंवा दाखल्याचा प्रश्न असेल तर तहसीलला दोघांनी मिळून अर्ज द्यावा, एकट्याच्या अर्जापेक्षा त्याचं वजन पडतं.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारावा. तो अवघड आहे. दुसऱ्या धर्मातून कुणी आपल्याकडे आला की आपण त्याला ‘ईमानची दौलत मिळाली’ म्हणतो, त्याच्या हिमतीचं कौतुक करतो. आपल्या घरातलं एखादं मूल वेगळ्या वाटेला लागलं तर? दुःख होणारच. लक्ष्मीबाईंनाही झालं होतं. समजवावं, दुआ करावी, दार उघडं ठेवावं. पण वाळीत टाकणं, धमकावणं, कोंडून ठेवणं यातून ईमान परत येत नाही, फक्त माणूस जातो. जो न्याय आपण मस्जिदीसाठी मागतो, घरातल्या नमाजसाठी मागतो, कब्रस्तानच्या जागेसाठी मागतो, तोच रविवारी सकाळी चटईवर बसलेल्या त्या दहा माणसांसाठीही मागता आला पाहिजे.

पुढच्या नाताळला ताट आलं की नुसतं ‘थँक्यू’ म्हणून दार लावून घेऊ नका. आत बोलवा, चहा ठेवा आणि विचारा, ‘तुमच्या आजोबांनी कसं काय ठरवलं होतं?’ त्या घरात ही गोष्ट कुणीतरी नक्कीच सांगू शकेल.